एक पायरी खाली

आता कुणाला खरं वाटायचं नाही, पण त्या काळी कारखान्यातल्या माणसाची रोजीरोटी एका इंग्रजी शब्दावर ठरत असे. मालकांना कामगारांची भाषा येत नव्हती. खाली मशीनवर काही तंटाबखेडा झाला की त्याचा अहवाल इंग्रजीत टाइप होऊन वर जायचा, आणि पहिल्या रकान्यात भिंतीवरच्या छापील तक्त्यातला एक शब्द लिहायचा. आर्ग्युमेंट म्हणजे वाद, क्वारल म्हणजे भांडण, स्कफल म्हणजे झटापट, फाइट म्हणजे मारामारी, असॉल्ट म्हणजे हल्ला. पहिल्याला समज, दुसऱ्याला लेखी ताकीद, तिसऱ्याला आठ दिवस घरी, चौथ्याला कायमचं घरी, पाचव्याला पोलीस. पहिल्या चार शब्दांत दोघंही सारखेच दोषी. मारणारा वेगळा आणि मार खाणारा वेगळा, हे फक्त पाचव्यात.

हे अहवाल लिहायची दुभाषीबाई. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने दोन लोहारांबद्दल प्रामाणिकपणे ‘फाइट’ लिहिलं. दोघंही गेले. त्यातल्या एकाची बायको कडेवर मूल घेऊन फाटकाशी संध्याकाळपर्यंत उभी राहिली. त्या दिवसापासून बाई खरी असेल त्याच्या खालची पायरी लिहू लागली. अठरा वर्षं लिहीत होती. कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं, आणि तोंडातून ब्र कुणी काढत नव्हतं. नवा माणूस आला की जुने त्याला एवढंच सांगत, “बाईंसमोर खोटं बोलू नकोस. काय करायचं ते त्या बघतात.”

तिचा धाकटा भाऊ तिथेच प्रेस मशीनवर होता. आईमागे तिनेच वाढवलेला. सगळे त्याला धाकटाच म्हणत. त्या वर्षी मालकांनी भिंतीवर फळा लावला. आठवड्यात कुणाच्या प्रेसवर किती नग निघाले, ते उतरत्या क्रमाने. कॉम्पिटिशन. तोवर शेजारच्या मशीनवरचा, लगेच पेटायचा म्हणून सगळे भडका म्हणायचे तो, आणि धाकटा एकमेकांच्या डब्यात हात घालणारे. धाकट्याचं नाव सलग तीन आठवडे वर लागलं आणि भडक्याचं डोकं फिरलं.

आधी त्याने धाकट्याची नग तपासायची मापं लपवली, वर शिवीगाळ केली. बाईने आर्ग्युमेंट लिहिलं. मग कॉलर धरली, क्वारल. मग एक दिवस त्याने धाकट्याच्या खांद्यावर पाना हाणला.

धाकटा तसाच खांदा धरून वर आला. “ताई, या खेपेला खरं लिही. मी बोटसुद्धा उचललेलं नाही.”

“असॉल्ट लिहिलं तर त्याला बेड्या पडतील. तीन पोरी आहेत त्याला.”

“मग एक पायरी खाली लिही. तुझी नेहमीची.”

“खाली फाइट आहे. तूही जाशील.”

“म्हणजे दोन पायऱ्या?” तो हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. “लोकांचे भाऊ असले की एक, स्वतःचा असला की दोन?”

“तुझ्यासाठी कुणाला पोलिसात दिलं तर उद्या खालचं कोण माझं तोंड बघेल?”

“म्हणजे मी तुझा भाऊ म्हणून मार खायचा. बरं, खातो.”

तिने स्कफल लिहिलं. दोघंही आठ दिवस घरी बसले. घरात धाकटा तिने वाढलेलं ताट बाजूला सरकवून स्वतःच्या हाताने वाढून घेत होता.

नवव्या दिवशी कामाला लागून तास झाला नसेल, भडक्याने त्याला मागून ढकललं. मशीन चालू होतं. उजवा हात मनगटापासून गेला.

त्याला उचलून दवाखान्यात नेलं ते सावकाशने. हा माल हलवायची गाडी चालवायचा, तीही अशी की मुंगीसुद्धा पुढे जावी, म्हणून हे नाव. त्या दिवशी मात्र तो फाटकाचा दांडा तोडून गेला. रक्तही त्यानेच दिलं. बाई पोचली तेव्हा बाकावर बाही दुमडून बसला होता. “बाई, रडू नका. काय लागेल ते सांगा. मी आहे.”

बाईने अहवालात असॉल्ट लिहिलं. दुसऱ्या दिवशी मालकांच्या वतीने कारखाना बघणाऱ्या साहेबाने तिला बोलावलं. टेबलावर आधीचे तीन अहवाल ओळीने मांडलेले.

“आर्ग्युमेंट, क्वारल, स्कफल,” त्याने एकेकावर बोट ठेवलं. “दोघं बरोबरीने चढत आलेत. आता चौथी फाइट. दोघंही दोषी, दोघंही बाहेर. भरपाई नाही.”

“ते तिन्ही खोटे आहेत.”

“लिहिले कुणी?”

“मी. प्रत्येक वेळी त्यानेच कुरापत काढली. माझ्या भावाने कधीच नाही.”

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढून पुसला. “बाई, आज तुमच्या भावाचा हात गेलाय. आज तुम्ही काहीही म्हणाल. वर कोण मानेल? हे तीनच खोटे असतील तर ही बहिणीची माया. तुमची पद्धतच तशी असेल, सगळ्यांच्या बाबतीत, तर गोष्ट वेगळी. मग तुमच्या असॉल्टवर मी सही करतो.” त्याने तिच्यामागच्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं. अठरा वर्षांचे अहवाल त्यात होते. “पद्धत आहे का?”

बाईला वाटलं, आदल्या रात्री धाकट्याने गुंगीत पाणी मागितलं होतं आणि पेला घ्यायला नसलेला हात पुढे केला होता, ते या माणसाला सांगावं. सांगून काही होणार नव्हतं.

“आहे,” ती म्हणाली.

साहेबाने शिपायाला कपाट उघडायला लावलं. गठ्ठे टेबलावर आले, कार्बनच्या वासाचे, कडा पिवळ्या पडलेले. त्याने लाल पेन्सिल काढली. “मी एकेक वाचतो. तुम्ही खरा शब्द सांगा. ज्याची जी शिक्षा राहिली, ती आता होईल.”

वरचाच अहवाल अकरा वर्षांपूर्वीचा निघाला. माल हलवणाऱ्या गाडीवरचा माणूस. मुकादमाने त्याच्या मेलेल्या बापावरून टोमणा मारला, आणि याने मुकादमाचे दोन दात पाडले. मुकादमाने हात उचलला नव्हता. क्वारल, असं टाइप केलेलं होतं, एक नव्हे, तीन पायऱ्या खाली. तेव्हा सावकाशने जिन्यात तिच्यापुढे नुसते हात जोडले होते.

“खरा शब्द?”

खाली अंगणात गाडीचा भोंगा वाजला. तिने खिडकीकडे पाहिलं नाही.

“हा जाऊ द्या, साहेब. पुढचा घ्या.”

“एक सोडला तर सगळेच सुटतील. मग तुमच्या भावाची भरपाईही.”

बाईने पदराने तोंड पुसलं. तो शब्द तिने अठरा वर्षांत फक्त एकदा, कालच लिहिला होता. आता तोच तिने मोठ्याने उच्चारला, आणि साहेबाची पेन्सिल कागदावरून फिरली. मग त्याने तो अहवाल उजवीकडे पालथा ठेवला आणि दुसरा उचलला.