भिंतीपलीकडे कोण राहतं?

शिलाई मशीन, इस्त्री, टेबलावरचा दिवा, सगळ्यांच्या वायरी टेलरवहिनींच्या एकाच खोलीत लोळत असायच्या. त्यातल्याच एका वायरीत पाय अडकून धाकट्या मुलीच्या अंगावर तापलेली इस्त्री पडली आणि तिची पोटरी भाजली. तेव्हापासून वहिनींनी नवऱ्यामागे टुमणं लावलं, "काहीही करा, पण या वायरी घरातून काढा."

म्हणून बिनतारी विजेची पेटी आली. ती भिंतीवर बसवली की खोलीतल्या वस्तू वायरीशिवाय चालणार होत्या. बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, "घरात कुणाच्या छातीत पेसमेकर आहे का?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. खरंच नव्हता. पेटी शेजारघराला लागून असलेल्या भिंतीवर लागली. मुलगी खोलीभर बिनधास्त हुंदडू लागली, तेव्हा वहिनींच्या जिवात जीव आला.

एके दुपारी भिंतीपलीकडे धप्प आवाज झाला आणि पाठोपाठ शेजारच्या काकूंची हाक आली. वहिनी धावल्या. काका पलंगाशेजारी निपचित पडले होते. कसंबसं त्यांना हॉस्पिटलात पोचवलं.

घरी परतल्यावर वहिनींची नजर पेटीवर गेली. बरोबर तिच्यामागे काकांचा पलंग होता. काकांच्या छातीत पेसमेकर बसवला, तेव्हा काकूंना जेवणाचा डबा त्यांनीच तर पोचवला होता. त्यांनी लगेच पेटी बंद केली.

नवरा आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "योगायोग असेल. आणि बंद केलीयस ना? मग उगाच बोलून कशाला घोंगडं गळ्यात घ्यायचं?"

वहिनी गप्प राहिल्या. पण काही दिवसांनी जेवताना काकूंचा फोन आला. "छातीतलं मशीनच बिघडलंय म्हणतात गं. उद्या सकाळी परत ऑपरेशन. या वयात झेपेल का त्यांना?"

वहिनींनी हातातला घास ताटात ठेवला. सकाळी त्या चपला घालू लागल्या, तसा नवरा दारात आडवा आला. "पोलिसांत गेलं प्रकरण तर?"

"जाऊ दे. मशीन चांगलं असताना त्यांची छाती चिरू द्यायची का? तुम्ही येताय की मी एकटी जाऊ?"

नवऱ्याने चपला पायात सरकवल्या.

हॉस्पिटलात काकांना ऑपरेशनसाठी स्ट्रेचरवर घेतलं होतं. वहिनींनी डॉक्टरांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी स्ट्रेचर थांबवला आणि पेसमेकर पुन्हा कसून तपासला. तोवर काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, वहिनींकडे बघतही नव्हत्या. अखेर डॉक्टर बाहेर आले. "मशीन ठणठणीत आहे. बाहेरच्या विजेमुळे गफलत होत होती. ऑपरेशन नको."

काकूंनी पदरात तोंड लपवलं.

काकांपाशी गेल्यावर नवरा म्हणाला, "आजच ती पेटी फेकून देतो."

"फेकू नकोस," काका हळू आवाजात म्हणाले. "पोर भाजली तेव्हाचं तिचं रडणं मी ऐकलंय. वायरी गेल्या, बरंच झालं. पण वायर कुठवर जाते ते डोळ्यांना दिसतं. या विजेचं तसं नाही. म्हणून चौकशी जास्त करायची. घरात कोण आहे ते त्या माणसाने विचारलं. भिंतीपलीकडे कोण राहतं, हे त्यानेही विचारलं नाही आणि आपणही सांगितलं नाही."

नवऱ्याने मान खाली घातली. "काका, मी तर हिला गप्प बस म्हणालो होतो."

काका त्याला म्हणाले, "ते मात्र वाईट केलंस."

तेवढं एक वाक्य त्याला पुरलं. काका घरी यायच्या आत त्याने माणसं बोलावून पेटीची वीज कुठवर पोचते याचं मोजमाप करवून घेतलं आणि पेटी रस्त्याकडच्या भिंतीवर हलवली. मग इमारतीतल्या प्रत्येक दारी जाऊन, अशी पेटी लावण्याआधी शेजारी विचारा, म्हणून सांगितलं. काहींनी ते हसण्यावारी नेलं. त्यांना त्याने काकांची हकिगत सांगितली, त्यात स्वतःचं गप्प राहणंही वगळलं नाही.

वाचकहो, नवी सोय जरूर घरात आणा, ती कष्ट वाचवते आणि मुलाबाळांना जपते. पण तिचा त्रास कुणाकुणापर्यंत पोचेल, याची आधी विचारपूस करा. आणि आपलं चुकलंय असं कळलं, तर भीतीपोटी गप्प बसू नका. वहिनी त्या सकाळी गप्प बसल्या असत्या, तर काकांवर विनाकारण सुरी चालली असती.