धाकटीचा टब

माझ्या धाकट्या बहिणीनं गॅलरीत एक काळा टब आणून ठेवला आणि बघता बघता तो या घरातला सगळ्यात लाडका जीव झाला. वीस लिटर पाणी, वर भोकांचं झाकण, भोकांत जाळीचे पेले आणि पेल्यांत लेट्यूसची आठ रोपं. माती नावालाही नाही. मुळं थेट खताच्या पाण्यात लोंबतात आणि एक पंप दिवसभर त्यात बुडबुडे सोडत बसतो. मी कपडे शिवते, त्यामुळे पुढच्या खोलीत माझ्या मशीनचा आवाज आणि मागे या पंपाचा. बाबांना माझ्या मशीनचा त्रास होतो, पंपाचा होत नाही.

बाबा तीस वर्षं पाणी शुद्धीकरण केंद्रात होते. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून वॉकर धरून खोलीतून गॅलरीपर्यंत जातात, तेवढंच. त्याला आता नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत त्यांच्या गोळ्या, आंघोळ, चादरी, दाढी सगळं मी केलं. धाकटी आली तीन महिन्यांसाठी. कंपनीचं काम घरून चालतं म्हणून लॅपटॉप घेऊन त्यांच्याच खोलीत मुक्काम ठोकला, आणि आल्या आल्या हा टब मांडला. डॉक्टर तपासायला आले तर बाबा त्यांना वॉकर ढकलत गॅलरीत घेऊन गेले. म्हणाले, "हे माझ्या धाकटीनं केलंय." मी मागे उभी होते, हातात त्यांचं रक्तदाबाचं यंत्र घेऊन. माझी धुतलेली चादर काही त्यांनी कुणाला दाखवली नव्हती.

मला जळफळाट झाला. उगाच सोज्वळपणाचा आव कशाला आणू?

धाकटी दोन आठवड्यांसाठी ऑफिसात हजेरी लावायला गेली आणि टब माझ्या गळ्यात पडला. तिनं भिंतीवर कागद चिकटवला होता. पीएच साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये ठेवायचा. पेनासारखं मीटर पाण्यात बुडवायचं, आकडा वाचायचा, वाढला असेल तर बाटलीतल्या आम्लाचे थेंब टाकायचे. खाली एक हसरा चेहरा काढला होता. त्या चेहऱ्यानं माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मी मनाशी ठरवलं. ती रविवारी परत येईल तेव्हा रोपं तिच्या वेळेपेक्षा दुप्पट भरलेली असतील, आणि बाबा तिच्यासमोर म्हणतील, "हे थोरलीनं केलंय." मला एवढं एकच वाक्य हवं होतं.

पहिले तीन दिवस आकडा सहाच्या आसपास राहिला. बाबा विचारायचे, "किती?" मी म्हणायचे, "ठीक आहे," आणि मशीनवर जायचे. चौथ्या दिवशी सकाळी मीटरनं सात पूर्णांक एक दशांश दाखवलं.

"बाबा, वाढलाय."

"किती? बस. नीट सांग."

मी बसले. त्यांनी मला सगळं समजावलं. रोपं खत ओढून घेतात तसा पाण्याचा पीएच थोडा चढतोच, आणि टाकी लहान असली की पटकन चढतो. फार चढला की पाण्यात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. बोलताना त्यांचा आवाज कामावरचा झाला होता. मी थेंब टाकले, अर्ध्या तासानं पुन्हा मोजलं, सहा आलं. दोघंही खूश.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सात. तिसऱ्या दिवशी त्याहून वर. मी झाकण उचलून शेवाळ शोधलं, नव्हतं. नळाचं पाणी तपासलं. बाबा म्हणाले पाणी बदलून बघ, तर वीसच्या वीस लिटर बदललं. दर वेळी त्यांच्यासमोर खुर्चीत बसून खल व्हायचा. त्यांनी केंद्रातल्या गोष्टी काढल्या. एकदा चुन्याची गोणी फुटून साहेब पायापासून डोक्यापर्यंत पांढरे झाले होते, ते सांगताना त्यांना हसू आवरेना. मीही हसले, आणि लगेच मनात आलं, हे त्यांनी धाकटीला आधीच सांगितलं असणार. माझ्या वाट्याला शिळंच यायचं.

पानं मात्र पिवळी पडायला लागली. शिरा तेवढ्या हिरव्या. धाकटी रोज फोन करायची. "ताई, माझ्या हातात तर कधी एवढा वाढला नव्हता गं." ती साध्या मनानं म्हणत असेलही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गुरुवारी दुपारी मी एका बाईंचा ड्रेस पोचवायला गेले. त्यांच्या दाराला कुलूप होतं म्हणून दहा मिनिटांत परत फिरले. दार उघडून आत आले तर बाबा गॅलरीत. एक हात वॉकरवर, दुसऱ्या हातात चमचा, टबाचं झाकण कलतं केलेलं. कोपऱ्यात त्यांच्या गुळण्यांच्या सोड्याची डबी.

"बाबा, हे काय?"

"सोडा. त्यानं आकडा चढतो," ते म्हणाले. चोरी पकडली गेल्याचा भाव चेहऱ्यावर अजिबात नव्हता. "अर्धाच चमचा टाकतो. जास्त टाकला तर मुळांना सोसायचा नाही."

"रोज?"

"तू बाहेर गेलीस की."

मी त्यांना खोलीत आणून बसवलं. "मी इथे मरमर मरतेय. तिच्यापुढे माझी फजिती व्हावी म्हणून करताय का हे?"

"पाणी बरोबर असलं की तू 'ठीक आहे' म्हणतेस आणि जातेस," बाबा म्हणाले. "बिघडलं की बसतेस."

"नऊ वर्षं मी तुमचं सगळं करतेय!"

"करतेस ना. नऊ वर्षं तू उभीच आहेस."

मग जे तोंडात येऊ नये तेच आलं. "आणि ती होती तेव्हा? तिच्या वेळी टाकायचात सोडा?"

"तिच्या वेळी कशाला टाकू? ती बसूनच असायची."

हे ऐकून मला बरं वाटावं की रडावं, कळेना. माझ्यासाठी त्यांनी लाडक्या धाकटीची रोपं पणाला लावली होती. आणि तिला ते सगळं आयतं मिळालं होतं, काही न करता, नुसतं शेजारी बसून. मी भांड्यांत, चादरींत, शिवणाच्या टाक्यांत जे मिळवायला बघत होते, ते समोरच्या खुर्चीत होतं आणि त्या खुर्चीवर मी वाळलेल्या कपड्यांचा ढीग ठेवत होते.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीच.

"ताई, आज किती आला?"

मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, पण कान इकडेच होते.

"अजून चढाच आहे," मी म्हणाले.

"अगं, मग मी उद्याच निघते. रजा टाकते. तुला एकटीला नाही जमायचं."

"मुळीच येऊ नकोस," मी म्हणाले. "रविवारी आलीस तरी चालेल, पुढच्या रविवारी आलीस तरी चालेल. एकटी कुठे आहे मी? आम्ही दोघं बसलोय त्याच्यावर."

'आम्ही दोघं' मी जरा जास्तच ठासून म्हणाले. तिला ते लागलं असावं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. फोन बंद केला, खुर्चीवरचे कपडे पलंगावर टाकले आणि बाबांच्या समोर बसले.