श्वासागणिक हलणारा काटा

मी एक काटा आहे. घड्याळाचा नव्हे हो! घड्याळ मागे पडलं तर फार तर बोट चुकेल. पाण्याखाली गेलेल्या माणसाच्या पाठीवरच्या नळकांड्यात किती हवा उरली, ते मी सांगतो.

कारखान्यातून निघालो तो एका पाणबुड्याच्या दुकानात आलो. त्यानं मला आपल्या लेकीच्या हवेच्या नळीला जोडलं. दोघंही लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवत. लेक शिस्तीची, घडोघडी माझ्याकडे बघायची. बाप मात्र भारी घोर लावून घेणारा. उडी मारण्याआधी प्रत्येकाच्या नळकांड्याची तोटी तो एकदा चाचपायचा. लेकीची दोनदा.

एकदा दोघं प्रवाळाची खोल भिंत बघायला निघाले. पुढच्या वर्गाला तिथं न्यायचं होतं. लेकीनं तोटी उघडली, बापानं चाचपली. उडी मारताना त्याला राहवेना. पुन्हा हात घातला, तोटी अडेपर्यंत फिरवली आणि सवयीप्रमाणे किंचित मागे घेतली. त्याला वाटलं, उघडली. खरं तर त्यानं ती बंद करून जेमतेम किलकिली ठेवली होती. पाण्यावर तेवढी हवा पुरते, म्हणून मीही मख्खासारखा भरलेलाच दिसलो. खोलवर मात्र एकेका श्वासाला कितीतरी जास्त हवा लागते.

तीस मीटर खाली भिंतीपाशी शार्क आले. सहा-सात असतील, अगदी सावकाश चालले होते. मग माझ्याकडे कोण बघतंय! लेकीनं श्वास घेतला की मी धाडकन खाली, सोडला की वर. मला कुठं ओरडता येतं? जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी सवयीनं तिची नजर माझ्यावर आली. दोन श्वास बघितलं. ती घाबरून वर पळाली नाही. तिनं बापाचं मनगट धरलं आणि मला त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. त्याला लगेच उमगलं. त्यानं तोटी पूर्ण उघडली, मी स्थिर झालो. शार्क आपल्या वाटेनं निघून गेले.

बोटीवर ती म्हणाली, "बाबा, मी उघडली होती."

"माहीत होतं गं," तो खाली बघत म्हणाला. "तुझ्या बाबतीत हात ऐकत नाही माझा."

आता माझी काच धुरकट झाली आहे, दुकानातल्या खिळ्याला लटकलोय. एवढंच सांगतो बाबांनो, नुसतं काट्याकडे बघू नका, श्वास घेत बघा.

हल्ली बाप हात मागे बांधून उभा राहतो आणि "उघडलीस?" एवढंच विचारतो. लेक नव्या काट्याकडे बघत तीन श्वास घेते. खरं तर दोन पुरतात. तिसरा ती त्याच्यासाठी घेते.