हातावरची नातेवाईक मंडळी

खाटकाच्या लेकीच्या दोन हातांवर मिळून तेवीस चामखिळी होत्या आणि तिने त्यांतल्या प्रत्येकीला एकेका नातेवाइकाचं नाव देऊन टाकलं होतं. उजव्या अंगठ्यावरची सगळ्यांत जाडी ती आत्या. कितीदाही जाळा, दोन महिन्यांत परत हजर होणारा तो मोठा मामा. करंगळीच्या नखाखाली दडलेली ती मावशी, कारण काम निघालं की मावशी अशीच गायब व्हायची. पोरीला घरात टिल्ली म्हणत. वय आठ, वजन पाच वर्षांच्या मुलीचं आणि जीभ साठ वर्षांच्या बाईची. घरी पाहुणा आला की ही हात पुढे करून त्याला त्याची जागा दाखवायची. पाहुणे लवकर परत फिरकत नसत, तेवढाच फायदा.

घरात त्या चामखिळींचं कोणाला काही वाटत नव्हतं. वाटणार तरी कसं? खाटकाचे स्वतःचे हात बघा. पेरं, तळव्याच्या कडा, सगळीकडे तेच खडबडीत पीक. त्याच्या बापाचे हात तसेच होते. दिवसभर कच्च्या मांसात हात असले की चामखिळी येतात, हे त्या धंद्यातला कोणीही सांगेल आणि ते खोटंही नाही. खाटकाची आई तर म्हणायची, हा आपल्या घराण्याचा शिक्का आहे. पोरीच्या बोटावर पहिली चामखीळ उठली तेव्हा खाटकाने गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, "आली बरं का आमची वारसदार."

आणि या वारसदाराला दुकानाची पायरी चढायची बंदी होती. साधीसुधी नाही, सक्त. बायकोने कारण विचारून विचारून नाद सोडला होता. "तिथे सुरे असतात," एवढंच तो सांगायचा.

खरं कारण सुरे नव्हते. दुकानाच्या मागे मांस ठेवायची थंड खोली होती. खाटीक अकरा वर्षांचा आणि त्याचा धाकटा भाऊ नऊचा असताना दोघं तिथे लपाछपी खेळत. एकदा धाकटा त्या खोलीत लपला आणि याने गंमत म्हणून बाहेरून कडी घातली. दहा मिनिटांनी काढली. धाकटा निळ्या ओठांनी खिदळत बाहेर आला. चौथ्या दिवशी त्याची छाती भरली आणि आठव्या दिवशी तो गेला. आई त्या वेळी एकच वाक्य बोलली, "तूच गारठवलंस त्याला." पुन्हा कधी बोलली नाही. पुन्हा बोलायची गरजही नव्हती, ते एक वाक्य पस्तीस वर्षं पुरलं.

त्यामुळे टिल्लीची छाती त्या वर्षात तिसऱ्यांदा भरली तेव्हा खाटकाची जी पाचावर धारण बसली, ती कोणाला सांगायची सोय नव्हती. एरवी अख्खा बकरा खांद्यावर टाकून चालणारा माणूस, पण दवाखान्याच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता.

आधीचे म्हातारे डॉक्टर बरे होते. "अशक्त आहे, खायला घाला," म्हणायचे आणि घरी पाठवायचे. या वेळी मात्र एक नवीन चष्मेवाली डॉक्टर आली होती आणि तिला प्रश्न विचारायची खोड होती.

"फुप्फुसाचा खालचा भाग खराब झालाय," ती म्हणाली. "अजून एकदोनदा असं झालं तर तो कायमचा जाईल. पुढचं मग मी सांगू शकत नाही. मुळात हे का होतंय ते शोधायला हवं. घरात आधी कोणी लहान मूल असं छातीच्या आजाराने गेलंय?"

"नाही," खाटीक म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की बायकोने मान वळवून बघितलं.

"आणि या चामखिळी?"

"तो आमच्या धंद्याचा प्रसाद. खाटकाच्या घरी असतातच."

चष्मेवालीने वहीत काहीतरी खरडलं. रक्ताचे रिपोर्ट जवळजवळ ठीक होते आणि तेच तिला खटकत होतं. रिपोर्ट वाईट असते तर बरं झालं असतं अशा चेहऱ्याने ती गेली. खाटकाला ती बाई मुळीच आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातला लंबू दवाखान्यात डबा घेऊन आला. लंबू म्हणजे खाटकाचा गडी, पन्नाशी उलटलेला, दाराच्या चौकटीला सलाम करत आत येणारा. टिल्लीचा ताप उतरला होता आणि कंटाळा चढला होता. तिने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला.

"बघू, तुमच्याकडे कोण कोण राहतं."

तिने हात उलटा केला, सुलटा केला, दुसरा मागितला. चष्मेवाली तेवढ्यात तपासायला आली होती, ती पलंगाशी थांबली. टिल्लीला लंबूची खरोखरच दया आली.

"लंबूकाका, तुमच्या हातावर कोणीच नाही?"

"कोणी नाही गं. आपण सडाफटिंग माणूस."

"किती वर्षं आहात दुकानात?" चष्मेवालीने विचारलं.

"एकतीस. रोज ओंडक्यावर मीच असतो. मालक गल्ल्यावर बसतात," लंबूने जाता जाता मालकाची अब्रूही काढली.

"आणि ही? दुकानात असते का?"

"पाऊल टाकू देत नाहीत हे तिला," बायको म्हणाली.

जो एकतीस वर्षं मांस तोडतो त्याचे हात आरशासारखे, आणि जिने दुकान आतून बघितलेलं नाही तिच्या हातावर तेवीस. हा हिशोब कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती. खाटकाने आपले हात हळूच खिशात घातले.

"काढा बाहेर," चष्मेवाली म्हणाली.

त्याने काढले. तिने ते बराच वेळ बघितले आणि मग आवाज जरा खाली आणला. "मी काल एक विचारलं होतं. परत विचारू?"

तेव्हा खाटकाने सांगितलं. थंड खोली, कडी, दहा मिनिटं, आठ दिवस, सगळं. बायको ऐकत होती, लंबू ऐकत होता, टिल्लीही ऐकत होती. लंबूने डब्याचं झाकण उगाच लावलं आणि काढलं.

"त्याच्या अंगावर चामखिळी होत्या?"

खाटकाला हे कधी आठवलंच नव्हतं. "गुडघ्यावर," तो म्हणाला. "मोजायचो आम्ही. कोणाच्या जास्त, यावर पैज लावायचो. तोच जिंकायचा."

चष्मेवालीने रक्त लगेच घेतलं नाही. तीन आठवड्यांनी, पोरगी ठणठणीत असताना या म्हणाली, आणि बापाचंही घेणार म्हणाली. इथे खाटकाचं सगळं अवसान गळालं. सुऱ्या-सत्तुरांत वाढलेला हा माणूस सुईला भितो, हे घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. रक्त द्यायच्या दिवशी ते सगळ्या दवाखान्याला कळलं. टिल्लीने शेजारच्या खुर्चीतून त्याचं बोट धरलं आणि तो नेहमी तिला सांगायचा तेच त्याला सांगितलं, "तिकडे बघ, बाबा. मुंगी चावते तेवढंच." तो तिकडे बघता बघता खुर्चीतून घसरला.

महिन्याभराने मोठ्या प्रयोगशाळेतून उत्तर आलं. दोघांचं एकच.

"चामखीळ विषाणूमुळे येते," चष्मेवाली म्हणाली. "तो सगळ्यांना गाठतो, पण बाकीच्यांचं शरीर त्याला हाकलून देतं. तुमच्या दोघांच्या पांढऱ्या पेशी हाडांच्या आत भरपूर तयार होतात, पण बाहेर रक्तात येतच नाहीत."

"म्हणजे थंड खोली भरलेली आणि फळीवर माल नाही," खाटीक म्हणाला.

"अगदी तसंच. खूप ताप आला की थोडा माल बाहेर येतो, म्हणून तापातले रिपोर्ट आजवर फसवत होते. आजार जन्मापासूनचा आहे. तुमच्याकडे वडिलांकडून आला असणार, हिच्याकडे तुमच्याकडून. कोणाला जड जातो, कोणाला हलका. तुम्हाला हलका गेला हे तुमचं नशीब. हिला आता नेमाने सुया आणि औषधं, म्हणजे छाती वाचवता येईल. तुम्हालाही तपासण्या चुकणार नाहीत."

खाटकाला एवढ्या सगळ्यातून एकच विचारायचं होतं आणि ते तोंडातून निघेना. शेवटी चष्मेवालीनेच चष्मा काढला.

"दहा मिनिटांच्या गारठ्याने पोरं अशी जात नाहीत," ती म्हणाली. "तपासायला आता तो नाही, पण माझी खात्री आहे की त्यालाही हेच होतं. कडी घातली नसतीत तरी त्याची छाती भरलीच असती."

खाटीक तिथेच रडला, हमसून हमसून, नाक शर्टाला पुसत. आता ती बाई त्याला आवडायला लागली होती. पण पोरीला हे आपणच दिलं, ही नवी टोचणी घेऊनच तो घरी आला.

आईला त्याने जेवताना सांगितलं. ती बराच वेळ घास चिवडत राहिली. मग म्हणाली, "मी तेव्हा तुला काहीतरी बोलले होते."

"मला नाही आठवत," खाटीक म्हणाला आणि तिच्या पेल्यात पाणी ओतलं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी लंबूने फरशी दोनदा धुऊन घेतली, मांस टांगायचे आकडे रिकामे केले, आणि खाटकाने टिल्लीला पहिल्यांदा पायरी चढवली. तोंडाला फडकं, हात पाठीमागे, कशाला शिवायचं नाही ही अट. तिने ओंडका बघितला, आकडे मोजले, गल्ल्यावर बसायला मागितलं. मग मागच्या जाड दारापाशी थांबली. कडी अजून तीच होती.

"धाकटे काका इथेच गेले ना?"

"नाही," खाटीक म्हणाला. त्याने कडी काढून दार सताड उघडलं. "इथे तो नुसता लपला होता."