क्लेटनचं नाव

लिओटा आजीला एवढा मान होता तो तिच्या स्मरणशक्तीमुळे. कुठल्या कुळाचं कुठलं नाव, ते आधी कोणी वागवलं, हे सांगू शकणारी क्वापॉ या मूळ अमेरिकी जमातीत ती एकटीच उरली होती. एकट्या माणसाची चूक काढायला कोणी नसतं. आजीने त्याचा एकदा फायदा घेतला होता.

तीस वर्षांपूर्वी भावाच्या नातवाचं, क्लेटनचं, क्वापॉ नाव ठेवताना तिला ऐन वेळी त्या कुळाचं एकही नाव आठवेना. लहानपणी तिची आत्या नावं शिकवायला बसायची तेव्हा ही पिचर गावी सिनेमाला पळायची, मग दुसरं काय होणार? पण कबूल करायची लाज वाटली. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिने कानाला बरं वाटेलसं नाव रचलं, वर ते वागवणारे तीन पूर्वजही रचले. लोकांनी माना डोलावल्या आणि रिवाजाप्रमाणे तिच्या खांद्यावर मानाची घोंगडी घातली.

पोरगा मोठा होऊन नेमका क्वापॉ भाषेच्या नादी लागला. नावांच्या जुन्या याद्या, जुन्या ध्वनिफिती, सगळं त्याने पालथं घातलं. "आजी, माझं नाव कुठेच कसं नाही गं?" तो विचारायचा. ही म्हणायची, "शोध बाबा, सापडेल." गेल्या हिवाळ्यात ट्रक उलटून तो गेला.

आज त्याच्या मुलाला तेच नाव द्यायचं होतं. बीव्हर क्रीक ओढ्याच्या काठी मांडवात माणसं जमली होती, मक्याचं सूप शिजत होतं. क्लेटनची बायको जोलीन बाळाला घेऊन आजीला न्यायला गाडीपाशी आली.

"चल आजी, धुरीला देवदार पेटवलाय. सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत."

"पोरी, ते नाव नको देऊ या."

"का? दुसरं आठवतंय तुला?"

आजीला दुसरं आठवत नव्हतं. तिला रडू आलं, आणि या वयात रडून कीव मिळवायची याचीही शरम वाटली. "ते कोणाचंच नव्हतं," ती म्हणाली. "मी बनवलं होतं. तिन्ही पूर्वज खोटे."

जोलीनने बाळाचं अंगडं सारखं केलं. "रात्ररात्र जागायचा तो," ती म्हणाली. "मी भांडायचे त्याच्याशी. म्हणायचे, नावापायी खुळा झालायस."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक होतं आणि गप्प बसलीस?"

जोलीनने डोळे पुसले, बाळ आजीच्या मांडीवर ठेवलं. "नाव हेच द्यायचं. त्याच्या थडग्याच्या दगडावर तेच कोरलंय. पण याला शोधायला लावू नकोस."

मांडवात आजीने देवदाराचा धूर बाळावरून फिरवला, चारी दिशांना तोंड करून नाव उच्चारलं. मग रिवाजाप्रमाणे एका म्हाताऱ्याने विचारलं, "आधी कोणी वागवलं हे?"

"क्लेटनने," आजी म्हणाली.

"आणि त्याच्या आधी?"

घोंगडी घेऊन उभ्या असलेल्या बाया तिच्याकडे बघत होत्या.

"त्याच्या आधी कोणी नाही," ती मोठ्याने म्हणाली. "मी तुमच्याशी खोटं बोलले होते."