भोपळ्यांखालची माती

माझा स्वभाव तापट आहे, हे मीच आधी सांगते. त्यामुळे मोजणी अधिकारी जेव्हा म्हणाले, "बाई, खड्डा मोठा आणि रॉयल्टी कमी. दगड चोरून विकलेला दिसतोय," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

खाणीचा परवाना माझ्या नावावर. गाडी काट्यावर घ्यायची, वजनाप्रमाणे सरकारची रॉयल्टी भरायची, मगच फाटक उघडायचं. आठ वर्षांत एक गाडी तशी सोडली नाही. आता मुदतवाढ या मोजणीवर अडली होती. चोरीचा ठपका बसला असता तर खाण बंद, वर बेअब्रू.

"पावत्या बघा ना," मी म्हणाले.

"बघितल्या. पण खड्डा खोटं बोलत नाही."

चहा घेऊन आलेल्या सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, माझ्या सुनेनं दगडावरची माती काढली होती, ती वजा केलीत का?"

"कुठंय माती?"

"ही काय." त्यांनी आपल्या भोपळ्याच्या वेलांकडे बोट दाखवलं.

साहेब हसले. "आजी, ती तर टेकडी आहे."

त्यांची तरी काय चूक? खाण उघडताना टाकलेला तो ढीग सासूबाईंनी असा काही नटवला होता, की कुणीही फसावं.

"हद्दीचा चौथा दगड सापडला का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून शोधतोय."

"ढिगाच्या पोटात आहे. टेकडीखाली हद्दीचा दगड कोण पुरेल?" असं म्हणून त्यांनी कुदळ उचलली. वेल उपटताना मात्र हात जरा थांबला. भोपळे अजून कोवळे होते.

"राहू द्या, आई. दुसरं काहीतरी बघू."

"दुसरं काय बघतेस? तुला चोर म्हणालेत ते. भोपळे काय, परत लावता येतील."

दोघींनी मिळून खणलं. तासाभरात दगड उघडा पडला, वरचा आकडा अगदी स्पष्ट. साहेबांनी अख्खा ढीग मोजला, खड्ड्यातून वजा केला. मेळ बसला.

"माफ करा, बाई. माती हद्दीतच पडून आहे, तिच्यावर रॉयल्टी लागत नाही. मुदतवाढीची शिफारस करतो."

एरवी मी चार शब्द सुनावले असते. पण इतका आनंद झाला होता की रागच विसरले. मातीच्या हातांनीच सासूबाईंना मिठी मारली.

साक्षीदार म्हणून त्यांची सही हवी होती. साहेबांनी विचारलं, "परवानाधारक तुमच्या कोण?"

"मुलगी," त्या म्हणाल्या.

"मघाशी सून म्हणालात."

"मघाशी म्हणाले. आता मुलगी लिहा."