सातवा पोपट

बाबांशी वाद घालण्यापेक्षा गाठीच्या लाकडावर डोकं आपटलेलं बरं. लाकूड निदान उलट बोलत नाही.

जुन्या न्यायालयाच्या दारावरची कोरीव पट्टी वाळवीने खाल्ली, आणि नवी करायचं काम आमच्याकडे आलं. तिच्यावर दहा पोपटांची रांग आहे. नऊ डावीकडे बघतात, सातवा उजवीकडे. गाइड पर्यटकांना सांगतात, हा राजाच्या हरवलेल्या मुलीची वाट बघतोय. ऐकणारे हळहळतात.

कसली मुलगी! ती पट्टी याआधीही एकदा बदलली होती. बदलली बाबांनी, एकोणिसाव्या वर्षी. सातव्या पोपटाचा कागदी खाका त्यांनी लाकडावर पालथा चिकटवला, आणि कोरून झाल्यावर ते लक्षात आलं. आजोबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पन्नास वर्षं ती चूक बाबांना सलतेय.

"मरायच्या आधी एवढं निस्तरू दे मला," बाबा म्हणाले.

मी वारसा खात्याच्या साहेबांना सगळं सांगितलं. ते गोड हसले. "बाई, तुमचे बाबा थकलेत आता. कागदोपत्री हा पोपट तीनशे वर्षांचा आहे. सातव्याला हात लावायचा नाही. होता तसाच हवा." वर तसं माझ्याकडून लेखीही घेतलं.

घरी येऊन बाबांना बजावलं. त्यांनी मुकाट्याने मान डोलावली. तिथेच मला संशय यायला हवा होता! पण मी त्याच दाराच्या चौकटीच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेली. बाबा मागच्या खोलीत पट्टी कोरत होते, तिथे पंधरा दिवस डोकावलेही नाही.

काल पट्टीवरची चादर काढली. सातवा उजवीकडे बघत होता. बाकीचे नऊही उजवीकडेच!

"बाबा! हे काय करून ठेवलंत?"

"सातव्याला हात लावला का मी?"

"उद्या साहेब येणार आहेत! मी काय तोंड दाखवू त्यांना?"

"सांग, होता तसाच आहे."

मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांचं लक्षच नव्हतं. ते रांगेवरून अंगठा फिरवत होते, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत, कुठेही न अडखळता. एवढं निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला भरून आलं, आणि त्याचाच आणखी राग आला.

मग कागद ओढला आणि साहेबांना लिहिलं: "सातवा पोपट तंतोतंत होता तसा कोरला आहे. बाकीच्यांबद्दल आपली काहीच सूचना नव्हती."